मसाल्याच्या कारखान्यात पासवर्डविना लॉगिन: पद्धत कशी निवडायची

कंपनीतले पासवर्ड बंद करायचे ठरले की पहिली बैठक हमखास 'बोट की चेहरा' या मुद्द्यावर अडकते. कोणीतरी स्वतःचा नवा फोन काढून चेहऱ्याने उघडून दाखवतं, कोणी म्हणतं हजेरीच्या मशीनलाच कॉम्प्युटर जोडून टाका, मग चहा येतो आणि विषय पुढच्या सोमवारवर जातो. माझं ऐकाल तर हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवा. घेतलेला ठसा राहणार कुठं आणि ज्या दिवशी तो चालणार नाही त्या दिवशी माणूस आत कसा येणार, एवढं आधी ठरवा. बोट की चेहरा ते मग फारसं भांडण न होता ठरतं.

मी नागपुरातल्या एका मसाला कंपनीचं आयटी सांभाळते. रामदासपेठेत ऑफिस, हिंगणा एमआयडीसीत कारखाना, कळमन्यात गोदाम, आणि चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडे फिरणारी विक्रीची माणसं. एकीकडे एसीत बसून व्हाउचर टाकणारे अकाउंटंट, दुसरीकडे दिवसभर मिरची-हळदीत हात असलेले लोक. त्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर. एकच पद्धत सगळ्यांच्या गळ्यात मारायला गेलं की पहिल्याच आठवड्यात सुपरवायझर सगळ्यांचे पासवर्ड वहीत लिहून टेबलाच्या खणात ठेवायला लागतो.

ठसा राहतो कुठं

हजेरीचं मशीन आणि लॉगिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मालकांना सुरुवातीलाच सांगून टाकावं. हजेरीच्या मशीनमध्ये सगळ्यांच्या ठशांचे साचे, म्हणजे ठशांवरून बनवलेल्या जुळवणीच्या नोंदी, एका जागी जमा होतात, कधी मशीनमध्ये, कधी विकणाऱ्याच्या सर्व्हरवर, आणि जुळवणीही तिथंच होते. असा साठा फुटला तर काय होतं याचं उदाहरण २०१५चं आहे. अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागावर, ओपीएमवर, सायबर हल्ला झाला आणि तब्बल ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीला गेले. पासवर्ड गेला तर नवा देता येतो. या लोकांना नवीन बोटं कोण देणार?

आपल्याला हवी ती पद्धत उलट चालते. ठसा किंवा चेहरा त्या लॅपटॉपमध्ये, फोनमध्ये किंवा यूएसबीला लावायच्या छोट्या सुरक्षा-चावीतच राहतो आणि जुळवणीही तिथंच होते. जुळला की यंत्रातली सुरक्षित चिप एक गुप्त किल्ली वापरून सर्व्हरच्या प्रश्नावर सही करते. लॅपटॉपमध्ये ही चिप म्हणजे टीपीएम, ॲपलच्या यंत्रांत सिक्युअर एन्क्लेव्ह. सर्व्हरकडे फक्त त्या किल्लीची सार्वजनिक जोडी असते, तिच्यावरून सही तपासता येते, करता येत नाही. म्हणजे उद्या आपला सर्व्हर कोणी पूर्ण उपसून नेला तरी त्यात एकाही माणसाचा अंगठा सापडणार नाही. हेच पासकी म्हणून ओळखलं जातं. यामागचं वेबऑथन हे मानक २०१९ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने मान्य केलं, आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून पासकीला पाठिंबा वाढवत असल्याचं जाहीर केलं.

दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. पासकी ज्या पत्त्यासाठी बनली तिथंच चालते. 'तुमच्या पगारवाढीचं पत्र पाहण्यासाठी लॉगिन करा' असा ईमेल मार्चअखेरीला येतोच, आणि त्यातली लिंक हुबेहूब आपल्या ईमेलच्या पानासारखी दिसते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असतं. माणसाच्या नजरेतून ते सुटतं, ब्राउझरच्या सुटत नाही. तो किल्ली पुढे करतच नाही, आणि टाइप करायला पासवर्डच नसल्यामुळे माणसाकडे देण्यासारखंही काही नसतं.

म्हणून विकणारा आला की त्याला मी एवढंच विचारते: आमच्या माणसांच्या ठशाचा साचा तुमच्या सर्व्हरवर येतो का? 'मॅडम, एकदम एन्क्रिप्ट करून ठेवतो' हे उत्तर मिळालं तर याचा अर्थ येतो. मग विचारायचं, फिडो२, म्हणजे पासकी ज्या मानकांवर चालते ती, चालतात का? काहींचं 'पासवर्डलेस' म्हणजे आत पासवर्ड तसाच ठेवायचा आणि बोट लावल्यावर तो भरून द्यायचा. ते सोयीचं असेल, पण फसव्या पानासमोर त्याचा भरवसा नाही, कारण तोच पासवर्ड माणूस हातानेही भरू शकतो.

आणि हो, 'आधारचा ठसा सगळ्यांचा आहेच की, तोच वापरू' अशी सूचना प्रत्येक कंपनीत एक तरी माणूस करतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८च्या निकालाने खासगी कंपन्यांना आधारची ओळख वापरू देणारी तरतूद काढून टाकली. आपल्या लॉगिनसाठी त्या वाटेला जायचंच नाही.

खुर्ची कोणाची, हात कसे

आता कंपनीतल्या लोकांची यादी घ्या. हुद्दे विसरा. प्रत्येकापुढे लिहा: कॉम्प्युटर एकट्याचा की सामायिक, कामाच्या वेळी हातांवर आणि तोंडावर काय असतं, आणि फोन जवळ असतो का. आमची यादी कारखान्यात फिरत फिरत केली, आणि टेबलावर बसून सुचल्या नसत्या अशा गोष्टी तिथं दिसल्या.

ऑफिसचं सोपं आहे. स्वतःचा लॅपटॉप, कोरडे हात. इथं विंडोज हॅलो, म्हणजे विंडोजमधली बोट, चेहरा किंवा पिनने उघडायची सोय, आणि मॅक असेल तर टच आयडी, म्हणजे ॲपलचं बोटाने उघडणं. चेहऱ्याने उघडायचं असेल तर लॅपटॉपला इन्फ्रारेड कॅमेरा लागतो, साधा वेबकॅम चालत नाही. नवीन खरेदीच्या कोटेशनमध्ये ही ओळ स्पष्ट लिहा, कारण दुकानदार 'एचडी कॅमेरा आहे ना' म्हणून मोकळा होतो. जुन्या डेस्कटॉपला यूएसबीचा ठसा वाचणारा लावता येतो. विंडोज १०चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आहे आणि विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, तेव्हा ज्या डब्यात ती चिप नाही त्याच्यावर ठसा वाचणाऱ्याचा खर्च करू नका. डबाच बदला.

खरी परीक्षा कारखान्यात. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर तिन्ही शिफ्टचे लोक वापरतात. तिथं आधी एक साधा ठसा वाचणारा लावून पाहिला होता. काट्यावरचे काका म्हणाले, "ताई, सकाळपासून बोट घासून राहिलो, हे पोट्टं वळखूनच नाही राहिलं." त्यांचा अंगठा पाहिला तर बारदानाची पोती उचलून उचलून रेषा जवळपास गुळगुळीत झाल्या होत्या, आणि जिथं उरल्या होत्या तिथं हळदीचा पिवळा थर बसलेला. ठसा वाचणारे बहुतेक सेन्सर रेषांच्या उंचवट्यांत आणि मधल्या खाचांत विजेचा जो फरक असतो तो मोजतात. घामाने खाचा भरल्या की फरक कमी होतो. डिसेंबरात कातडी कोरडी पडली की उंचवटाच नीट टेकत नाही. हळदीचा थर तर मधे भिंत घालतो. मशीनचा दोष नव्हता, काकांचा तर नव्हताच.

अशा जागी विंडोज हॅलोची आणखी एक मर्यादा आडवी येते. एका कॉम्प्युटरवर कंपनीच्या खात्यांच्या जास्तीत जास्त १० जणांची नोंदणी होते. तीन शिफ्ट, बदली माणसं, ट्रेनी, सगळे धरले की १० कधीच ओलांडतात. म्हणून सामायिक कॉम्प्युटरला आम्ही फिडो२ची यूएसबी सिक्युरिटी की घेतली, प्रत्येकाची वेगळी. त्यात दोन प्रकार मिळतात. एकात ठसा चावीवरच घेतला आणि तपासला जातो, दुसऱ्यात पिन टाकून चावीला नुसता स्पर्श करायचा. प्रयोगशाळा आणि डिस्पॅचला पहिला प्रकार दिला. काट्यावर आणि दळणाच्या विभागात पिनची साधी चावी. बायोमेट्रिकच्या नादात ज्याचं बोट चालत नाही त्याला रोज सकाळी चार लोकांसमोर बोट घासायला लावणं मला पटत नाही. पिनची चावी सुरक्षिततेत कुठंही कमी नाही: चावी हातात हवी आणि पिन डोक्यात हवा. फिडो२च्या चावीत पिन लागोपाठ ८ वेळा चुकला की ती बंद पडते आणि रीसेट केल्याशिवाय उघडत नाही.

एक बारीक गोष्ट. चावी गळ्यात दोरीला अडकवायची कल्पना छान वाटते, पण खाद्यपदार्थाच्या लाइनवर लोंबकळणारी वस्तू चालत नाही. अंगठी, घड्याळ बाहेर ठेवतो तशी चावीही बाहेर. म्हणून सुपरवायझरच्या केबिनमध्ये नंबर घातलेल्या खुंट्यांची पेटी आहे, शिफ्टच्या सुरुवातीला सही करून चावी घ्यायची, जाताना लटकवायची. पेटीला कुलूप. पिन चावीवर चिकटवलेला दिसला की चावी माझ्या टेबलावर येते.

चावी खरेदीच्या आधी एक तपासा: विंडोजच्या सुरुवातीच्या लॉगिन पडद्यावरच ती वापरायची तर कॉम्प्युटर एन्ट्राला, म्हणजे कंपनीची खाती सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन सेवेला, जोडलेला असावा लागतो. निव्वळ जुन्या स्थानिक डोमेनवर, म्हणजे ऑफिसातल्याच सर्व्हरवर, असलेल्या कॉम्प्युटरला ते जमत नाही. ऑर्डर दिल्यावर हे कळण्यात मजा नाही.

चेहऱ्याचं म्हणाल तर पॅकिंगच्या लाइनवर मास्क आणि टोपी असते, तिथं तो बादच. ऑफिसात चांगला चालतो, पण पश्चिमेच्या खिडकीसमोर बसणाऱ्यांना आमच्या उन्हाळ्यात चारनंतर त्रास होतो, कारण कॅमेऱ्यावर थेट ऊन पडलं की इन्फ्रारेडही गोंधळतं. आणि उन्हातून स्कूटीवर येणाऱ्या मुली स्कार्फ सोडायच्या आधीच लॅपटॉप उघडतात, मग म्हणतात चालत नाही. तिथं मशीनचं काही बदलू नका, स्कार्फ सोडायला सांगा.

फोन, आणि तोही कोणाचा

विक्रीच्या माणसांकडे फोन हेच ऑफिस. त्यांना फोनवरची पासकी बरी. पण एका अँड्रॉइड फोनची चेहरा ओळखण्याची पद्धत आणि दुसऱ्याची यात फार फरक असतो. गूगलने बायोमेट्रिकचे तीन वर्ग केले आहेत. सगळ्यात वरच्या, तिसऱ्या वर्गात चुकून परक्याला आत घेण्याचं प्रमाण ५०,०००त १ पेक्षा जास्त चालत नाही आणि नकली ठशाला फसण्याचीही मर्यादा कडक आहे. समोरच्या साध्या कॅमेऱ्यावर चालणारं फेस अनलॉक बहुतेक स्वस्त फोनांत खालच्या वर्गात असतं. ओळखायची सोपी युक्ती: त्या माणसाला त्याचं बँकेचं ॲप उघडायला सांगा. फोनची स्क्रीन चेहऱ्याने उघडते पण बँकेचं ॲप बोटच मागतं, तर समजा त्या फोनचा चेहरा भरवशाचा नाही. आयफोनचं तसं नाही. ॲपल टच आयडीसाठी ५०,०००त १ आणि फेस आयडीसाठी १० लाखांत १ पेक्षा कमी, असं प्रमाण सांगतं.

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फोनमधली पासकी वापरायची तर पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा असतो. त्या वेळी दोन्हीकडे ब्लूटूथ आणि इंटरनेट लागतं. ब्लूटूथ यासाठी की फोन खरोखर त्या कॉम्प्युटरजवळ आहे हे कळावं. गडचिरोलीच्या आतल्या भागात नेटवर्क गेलं की हा रस्ता बंद, हे धरून चाला, आणि अशा माणसाच्या खिशात एक यूएसबी चावीही द्या.

खासगी फोन कामासाठी वापरायची सक्ती करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला नको त्याला चावी द्यायची, कारण विचारायचं नाही.

पासकी दोन तऱ्हेने राहते: एकाच यंत्राला बांधलेली, किंवा गूगल पासवर्ड मॅनेजर अथवा आयक्लाउड कीचेनमधून त्या माणसाच्या सगळ्या यंत्रांवर पोचणारी. दुसरी फोन हरवल्यावर फार सोयीची, पण माणसाच्या खासगी गूगल खात्यात कंपनीची किल्ली जाऊन बसते, आणि ते खातं किती जपलंय ते आपल्या हातात नाही. आम्ही अशी रेषा आखली: ईमेल आणि ऑर्डरच्या ॲपला दोन्ही चालतील. बँक, पगार, सर्व्हरचं प्रशासन यांना यंत्राला बांधलेलीच. एन्ट्रात कोणत्या बनावटीच्या चाव्या चालतील याची यादी घालता येते, ती घाला.

हरवलं तर?

पासवर्ड काढून टाकले आणि 'लॉगिन होत नाही?' खाली एसएमएसचा ओटीपी तसाच ठेवला, तर चोर त्याच वाटेने येतो. लोक पुढच्या दारावर महिनाभर चर्चा करतात आणि याच्यावर पाच मिनिटं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम रिसॉर्ट्स या हॉटेल-कसिनो कंपनीवर जो मोठा सायबर हल्ला झाला, त्यात हल्लेखोरांनी कर्मचारी असल्याचं सोंग करून हेल्पडेस्कला फोन केल्याच्या बातम्या होत्या. आपल्याकडे हे आणखी सोपं, कारण 'साहेबांचा फोन आहे' म्हटलं की अर्धी माणसं उभी राहतात. आमचा नियम लेखी आहे आणि त्यावर मालकांची सही आहे: फोनवरून कोणालाही नवी किल्ली मिळणार नाही, मालकांनाही नाही. ऑफिसातला माणूस स्वतः येतो. बाहेरगावचा असेल तर त्याचा थेट वरिष्ठ व्हिडिओ कॉलवर सोबत असतो, आणि कॉल आम्ही लावतो, आमच्याकडच्या नोंदीतल्या नंबरवर. त्यानंतर थोड्या वेळापुरता चालणारा तात्पुरता प्रवेश देता येतो, एन्ट्रात त्याची सोय आहे. त्याने आत येऊन माणूस नवी पासकी बनवतो.

प्रत्येकाच्या दोन किल्ल्या नोंदवलेल्या असाव्यात: लॅपटॉप आणि फोन, किंवा लॅपटॉप आणि चावी. एकच नोंदवून 'दुसरी नंतर करू' म्हणणाऱ्याचा फोन अंबाझरीला फिरायला गेल्यावरच पाण्यात पडतो. सगळंच अडलं तर उघडायला एक आणीबाणीचं प्रशासकीय खातं ठेवा, दोन चाव्यांसह. एक ऑफिसच्या तिजोरीत, दुसरी वेगळ्या इमारतीत. ते खातं वापरलं गेलं की दोन माणसांना लगेच सूचना गेली पाहिजे.

'बोट चाललं नाही तर पिन मागतं, म्हणजे पासवर्डच की!' हा आक्षेप येणारच. विंडोज हॅलोचा पिन त्या एका कॉम्प्युटरपुरता असतो. तो कळला तरी बेंगळुरूत बसलेल्या चोराला त्याचा उपयोग नाही, कॉम्प्युटरच उचलून न्यावा लागेल. तरी किमान ६ आकडी ठेवा, आणि १२३४५६ बंद करा. एमएच ३१च्या पुढचा गाडीचा नंबर पिन म्हणून ठेवण्याची आपल्याकडे फार हौस आहे, तीही मोडून काढा.

सेन्सरही फसतात, नाही असं नाही. २०१३ मध्ये टच आयडी आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेने तो नकली बोटाने उघडून दाखवला. २०२३ मध्ये ब्लॅकविंग इंटेलिजन्सच्या संशोधकांनी डेल, लेनोवो आणि मायक्रोसॉफ्टच्या एकेका लॅपटॉपवर विंडोज हॅलोचा बोटाचा अडसर ओलांडून दाखवला. यासाठी यंत्र हातात, वेळ आणि बरीच अक्कल लागते. आमच्यासारख्या कंपनीला रोजचा धोका फसव्या ईमेलचा आहे, नकली बोट घेऊन हिंगण्यात येणाऱ्याचा नाही. संरक्षण क्षेत्राचा माल बनवत असाल तर तुमचं गणित वेगळं.

कागदपत्रं आणि तारखा

२०११च्या आयटी नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरली आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती जपण्यात कसूर केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ठसा यंत्राबाहेर जात नसेल तर हे ओझं बरंच हलकं होतं, पण वकिलाला एकदा दाखवाच. लोकांना द्यायची सूचना मराठीत आणि हिंदीत, एका पानाची, 'तुमचा ठसा कंपनीकडे येत नाही' हे पहिल्या ओळीत. कारखान्यात सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच होता, आणि तो विचारणारे बरोबर होते.

सुरुवात अकाउंट्सपासून करा, कारण पैसे तिथून जातात. पण महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास नको, जीएसटीआर-१ आणि ३बीच्या धावपळीत कोणी तुमच्याशी नीट बोलणार नाही. मार्च तर विसराच. चाचणीला मुद्दाम वाईट वेळ निवडा: मे महिन्यातली दुपारची शिफ्ट, जेवणानंतरची. तेव्हा चाललं तर बाकी बहुतेक वेळा चालतं, फक्त कोरड्या कातडीसाठी डिसेंबरात पुन्हा एकदा पाहा.

नोंदणीच्या वेळी दोन्ही हातांची बोटं घ्या. एकाच हाताची घेतली आणि त्याच हाताला चिरलं की गडबड. हात धुऊन पुसून नोंदवा आणि मग काम करता करता तपासा. पोती उचलणाऱ्यांचा अंगठा आणि तर्जनी झिजलेली असते, अनामिका आमच्याकडे जास्त बरी चालली. तीन-चार प्रयत्नांत जुळत नसेल तर हट्ट सोडा, पिनची चावी द्या.

अकाउंटिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर पासवर्डच मागत राहील. त्याला थोडे दिवस तसंच राहू द्या, फक्त त्याचा पासवर्ड ईमेलच्या पासवर्डसारखा नसावा. बाकीच्यांची पासकी स्थिरावली की एन्ट्राला जोडलेल्या विंडोज ११वर पासवर्डचा पर्यायच लॉगिन पडद्यावरून लपवता येतो. तो लपवल्यावर जे फोन येतील, तेवढे लोक आतापर्यंत पासवर्डच टाकत होते असं समजा. त्यांच्याकडे पुन्हा जा.

माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद करून त्याच्या सगळ्या पासकी यादीतून काढा. त्याच्या फोनात किल्ली उरली तरी सर्व्हरवर तिची जोडी नाही, म्हणजे ती निकामी. यूएसबी चावी परत घ्या, दुसऱ्याला देण्याआधी रीसेट करा, म्हणजे जुन्या माणसाचा ठसा, पिन आणि पासकी तिन्ही पुसले जातात, आणि रजिस्टरमध्ये त्या खुंटीपुढे नव्या माणसाचं नाव, तारीख व सही घ्या.